एक मात्रा जास्त

जिना उतरता उतरता आर्डिथ स्लोन मधेच थांबली. गुडघ्यामुळे नव्हे, गुडघा आज त्यातल्या त्यात बरा होता. टेकडीवरच्या तिच्या गल्लीतून खाली नदीकडच्या रस्त्यावर जायला दगडी पायऱ्यांचा जुना सार्वजनिक जिना होता. सात-आठ पायऱ्या झाल्या की एक कट्टा, पुन्हा सात-आठ पायऱ्या, पुन्हा कट्टा, आणि एका बाजूला गंजलेला लोखंडी कठडा. सत्तावीस वर्षं ती व्हायोलाची, व्हायोलिनच्या थोरल्या बहिणीची, पेटी पाठीवर अडकवून हाच जिना उतरत आली होती. एप्रिलातली सकाळ होती, नदीवर धुकं बसून होतं आणि पलीकडचा केंटकीचा काठ नेहमीसारखा दिसत नव्हता. खालून पोस्टमन चढत येत होता आणि चढताना शीळ घालत होता. शीळ 'रेडबड' या गाजलेल्या वाद्यरचनेची होती, यात थांबण्यासारखं काहीच नव्हतं. सिनसिनाटीत वसंतात कुणाच्याही तोंडी 'रेडबड' असायचंच. पण दुसरी ओळ संपली, सूर खाली येऊन टेकला, आणि तिसरी ओळ उचलायच्या आधी एक मात्रा जास्त गेली. एकच. ऐकणाऱ्याला कळूही नये, इतकी. आर्डिथचा हात कठड्यावर आवळला गेला. ही मात्रा तिने त्रेचाळीस वर्षांत कुणाकडूनही ऐकली नव्हती. ती फक्त एका माणसाच्या फिडलमध्ये, गावाकडच्या व्हायोलिनमध्ये, होती, आणि त्या माणसानेही तिच्यासमोर ती पुन्हा कधी वाजवली नव्हती.

पोस्टमन तिच्या खालच्या कट्ट्यावर आला. नेहमीचा नव्हता, बदलीवर आलेला असावा. पन्नाशीचा, अंगाने रुंद, काळा माणूस. खांद्यावरची थैली त्याने मांडीवर टेकवली.

"तुम्ही हे कुठे शिकलात?" आर्डिथने विचारलं.

"पत्रं वाटायला?"

"नाही, ही शीळ."

"हे होय!" तो हसला. "हे कुणाला येत नाही? माझी मुलगी शाळेत क्लॅरिनेट वाजवायची, तेव्हा तीन महिने घरात दुसरं काही नव्हतं. आमच्या कुत्र्यालासुद्धा पाठ झालं असेल."

"तुमची माणसं डोंगरातली का? केंटकीतली?"

"माझी? जॉर्जियाची. का हो बाई?"

"दुसऱ्या ओळीच्या शेवटी तुम्ही थांबता."

"मी? कुठे?" त्याने उभ्या उभ्या पुन्हा शीळ घातली. ओळ सरळ गेली. खाली टेकली, लगेच उचलली. "नाही थांबत बघा."

"आत्ता चढताना थांबला होतात."

त्याने मागे वळून पायऱ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कट्टा आला असेल," तो म्हणाला. "अहो, एवढं ओझं घेऊन चढायचं म्हणजे दम नको घ्यायला?" मग तिच्या पाठीवरच्या पेटीकडे त्याचं लक्ष गेलं. "तुम्ही त्यातल्याच दिसता. मग तुम्हीच सांगा, बरोबर कुठलं?"

"दोन्ही चालतं," ती म्हणाली आणि त्याला वाट द्यायला कठड्याला टेकली. तो वर गेला. दोन कट्टे वर गेल्यावर पुन्हा शीळ आली, पण आता ती ऐकायची तिला भीती वाटली, आणि ती भराभर खाली उतरू लागली.

सभागृहात वाद्यवृंदाची तालीम दहाला होती. वाद्य सुराला लावताना तिच्या डाव्या करंगळीला नेहमीप्रमाणे काही कळत नव्हतं. बोट तारेवर पडत होतं, योग्य जागी पडत होतं, पण दुसऱ्याच कुणाचं तरी असल्यासारखं. डॉक्टरांनी मानेतल्या नसेचं नाव सांगितलं होतं. ते तिने एका कागदावर लिहून घेतलं आणि कागद हरवला. हे फक्त पॉलाला ठाऊक होतं. पॉला झेलिन्स्की तिच्या शेजारी बसायची, शिकागोची, चौतीस वर्षांची. आर्डिथ गेली की तिची खुर्ची पॉलाला मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त आर्डिथ जूनमध्ये जाणार आहे हे ठाऊक नव्हतं. तरुण संचालक लिंडमन यांनी काठी उचलली आणि 'रेडबड' सुरू झालं: आधी लांबवर पितळी शिंगांचा एक संथ सूर, त्याच्यावर बासरी, पहाट झाल्यासारखं काहीतरी, आणि मग सगळे थांबून एकटी व्हायोला. डोंगरातली ती चार ओळींची धून, उघडी, सोबतीला कुणी नाही. त्यानंतर ती धून सगळा वाद्यवृंद उचलतो, फिरवतो, नाचवतो, शेवटी आकाशाएवढी करतो. पण लोक येतात ते त्या पहिल्या चार ओळींसाठी. १९४१ साली लिहिलेली ही रचना. संगीतकार आयुष्यात कधी डोंगरात गेला नव्हता, धून त्याला एका पुस्तकात सापडली होती. तरी सत्तेचाळीस वर्षं झाली, लोकांचं मन त्यावरून उतरत नव्हतं. लग्नात वाजायचं, थडग्यापाशी वाजायचं, चार जुलैला आतषबाजीच्या आधी वाजायचं, विम्याच्या जाहिरातीत एक म्हातारा कुंपण रंगवतो त्याच्यामागेही हेच. दर एप्रिलला तिकिटं संपायची. बाकी वर्षभर कशालाही न येणारी माणसं एवढ्यासाठी यायची, आणि आर्डिथ गज उचलायची तेव्हा दोन हजार माणसं एकदम खोकायची थांबायची. सुरुवातीची काही वर्षं त्या शांततेने तिच्या अंगावर काटा यायचा. मग तो यायचा बंद झाला. मग किती वेळा वाजवलं हे मोजणंही तिने सोडलं. दोनशे? अडीचशे? आता त्या चार ओळी म्हणजे रोजच्या वापरातली वाटी: धुतली, पुसली, फळीवर ठेवली.

फक्त एक जागा अजून जिवंत होती. दुसऱ्या ओळीचा शेवट. तिथे आलं की दर वेळी ती काहीतरी ओलांडायची, खोलीत जमिनीवर कुणी झोपलेलं असावं आणि आपण पाय न लागता पलीकडे जावं, तसं. ती मात्रा तिथे झोपलेली होती. पुस्तकात ती नव्हती, संगीतकाराच्या कागदावर ती नव्हती. पण आर्डिथच्या कानात ती सगळ्या धुनीहून जुनी होती. ती समुद्रापलीकडून आली असेल असं तिला वाटायचं. कुणी आजी-पणजी ती पोटाशी धरून डोंगर चढली असेल आणि शहाण्यासुरत्या माणसांनी पुस्तक छापताना ती खोडून टाकली असेल. सगळी धून त्यांनी धुऊन, इस्त्री करून लोकांना दिली होती, आणि खरी वाकडी धून फक्त स्लोनांच्या रक्तात राहिली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पण याच्याच जोरावर ती आतून या रचनेचा, या लोकांचा, त्यांच्या ओल्या डोळ्यांचा थोडा तिरस्कार करू शकायची. आणि अलीकडे, सगळाच कंटाळा आलेला असताना, तेवढा तिरस्कार हाच तिला आधार होता. आणि आज एका पोस्टमनने ती मात्रा दम लागला म्हणून घातली होती. रक्त नाही, समुद्र नाही. ओझं आणि कट्टा.

"लक्ष कुठे आहे तुझं?" मधल्या सुट्टीत पॉलाने विचारलं. दोघी मागच्या पायऱ्यांवर कॉफीचे कप घेऊन बसल्या होत्या.

"इथेच."

"लिंडमनना सांगितलंस?"

"शनिवारचा कार्यक्रम होऊ दे. मग."

पॉलाने कप पायरीवर ठेवला. "मला तुझी खुर्ची हवी आहे, खोटं कशाला बोलू? पण अशी नको होती."

"खुर्ची ती खुर्चीच. अशी काय आणि तशी काय."

"तू ते वाजवतेस ना, अजूनही रडू येतं मला. हसू नकोस."

"शंभरदा वाजव, मग बोलू," आर्डिथ म्हणाली. आपण हे टोचेल असं बोललो हे तिला बोलल्यावर कळलं. पण पॉलाला टोचलेलं दिसलं नाही. ती उन्हात डोळे मिटून बसली होती.

केंटकीच्या डोंगरात, ट्रेस फोर्कच्या घराच्या ओसरीत बाबा संध्याकाळी फिडल वाजवायचे तेव्हा ते खांद्यावर घेत नसत, छातीवर टेकवत. आर्डिथ सहा वर्षांची होती. धुनीला नाव नव्हतं. 'ती' म्हटलं की तीच. मग खाण बंद पडली आणि सगळे ओहायोत हॅमिल्टनला आले. इथे तिजोऱ्या बनवायचा मोठा कारखाना होता, बाबांना त्यात दारांना बिजागऱ्या बसवायचं काम मिळालं. शाळेत मुलांनी पहिल्याच दिवशी तिला 'न्हाई' म्हणायला लावून लावून हसून घेतलं. डोंगरातली माणसं म्हणजे अनवाणी, डोंगरातली माणसं म्हणजे बहिणीशी लग्न करणारी, डोंगरातल्या माणसांना खोली भाड्याने मिळणार नाही. एका वर्षात तिने 'न्हाई' सोडलं, 'व्हय' सोडलं, आईशी बोलतानासुद्धा सोडलं. आई एकदा म्हणाली, तू आता पाहुण्यावानी बोलतीस. पंधराव्या वर्षी ती शाळेच्या वाद्यवृंदात होती आणि मिस प्रिचर्ड यांनी नवी रचना आणली, अख्ख्या देशाला वेड लावलेली. आर्डिथने कागद पाहिला आणि चौथ्या ओळीपर्यंत जाताना तिचे कान तापले. ती धावत घरी गेली. बाबा कारखान्यातून आलेले, मोरीत हात धूत होते. बाबा, बाबा, हे बघा, हे तर आपलं! तिने उभ्याउभ्याच वाजवून दाखवलं. बाबांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते तिला कधी नीट आठवता आलं नाही, कारण पुढचंच जास्त आठवायचं: त्यांनी ओल्या हातांनीच फिडल काढलं, तिच्याबरोबर वाजवू लागले, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी दोघं वेगळी झाली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा वेगळी झाली. तिसऱ्यांदा ती थांबली आणि मिस प्रिचर्डच्या आवाजात म्हणाली, "तुमचं चुकतंय, बाबा." "कुठं?" त्यांनी विचारलं. तिने कागद त्यांच्यासमोर धरला आणि बोट ठेवलं. बाबांना अक्षरंच जेमतेम वाचता यायची, तिथे सुरांचं काय. पण ते बराच वेळ त्या बोटाखालच्या जागेकडे बघत राहिले. चुलीपाशी आईने काहीतरी आपटलं. त्यानंतर बाबांनी ती धून आर्डिथसमोर वाजवली नाही. एकदाही नाही. ती घर सोडून शिकायला गेली तोवर नाही, वाद्यवृंदात लागल्यावर नाही, आई गेली तेव्हा नाही. पहिल्या वर्षी तिने त्यांना तिकीट पाठवलं होतं. ते आले नाहीत, कारखान्यात पाळी आहे म्हणाले. पुढे तिनेही पाठवलं नाही. ही गोष्ट ती इतक्या वर्षांत इतक्यांदा मनात उगाळून बसली होती की आता तिला कडा राहिल्या नव्हत्या, नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. पण वजन तेवढंच होतं.

शुक्रवार झाला, शनिवार झाला. दोन्ही दिवस दोन हजार माणसं खोकायची थांबली. दोन्ही दिवस ती त्या मात्रेला ओलांडून गेली. शनिवारी पुढच्या रांगेतला एक माणूस टाळ्या वाजवायच्या ऐवजी दोन्ही हातांत तोंड धरून बसला होता, आणि आर्डिथला वाटलं, याच्यापाशी जाऊन विचारावं, नेमकं काय होतं हो तुम्हाला? मला सांगा. मला आता कळत नाही.

रविवारी दुपारी ती हॅमिल्टनला भावाकडे गेली. व्हर्लिन तिच्याहून सहा वर्षांनी लहान. आई गेल्यापासून बाबा त्याच्याकडेच होते. या वेळी तिने गाडीत व्हायोला ठेवली होती. दारात व्हर्लिनची बायको नेटी ते बघून म्हणाली, "आज काय कार्यक्रम आहे की काय आमच्याकडे?"

"सहज," आर्डिथ म्हणाली.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, हातांची बोटं सांध्यात वळून एकमेकांवर चढलेली, पण नजर स्वच्छ. "आर्डी आली व्हय," ते म्हणाले. "वाळलीस गं." डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवलेला घेवडा आणि मक्याचा पाव, असं जेवण झालं. व्हर्लिनने छपराच्या गळतीबद्दल सांगितलं, बाबांनी छपराबद्दल त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या, व्हर्लिनने त्या ऐकून घेतल्या. मग तो बाहेर गेला, नेटी भांड्यांकडे वळली, आणि आर्डिथने स्टूल ओढून बाबांच्या जवळ घेतलं.

"बाबा, तुम्ही ट्रेस फोर्कला ती धून वाजवायचात. दुसऱ्या ओळीनंतर एक ठोका थांबायचात. आठवतं?"

"कोन, म्या?"

"हो."

"न्हाई गं. थांबायचं काय हाय तिथं?"

तिने पेटी उघडली. व्हायोला छातीवर टेकवली, ते धरायचे तशी, आणि वाकडी धून वाजवली. मोठेपणी पहिल्यांदाच, कुणासमोर. दुसरी ओळ खाली आली, टेकली, ती जास्तीची मात्रा तिने पूर्ण जाऊ दिली, आणि तिसरी ओळ उचलली. चारही ओळी झाल्यावर तिने वर पाहिलं.

"चुकलीस," बाबा म्हणाले.

"काय?"

"दुसरी ओळ झाल्यावर. एक ठोका जादा गेला." ते गंभीरपणे बोलत होते, थट्टा नव्हती. "एवढी वर्सं वाजवतीस आनि चुकतीस?"

"बाबा, हे तुमचं आहे. तुम्ही असंच वाजवायचात. मी... मीच तुम्हाला म्हणाले होते, चुकतंय म्हणून."

"व्हय, तूच तर सांगितलंस." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "कागदावर बोट ठिवून दावलंस. मला काय कळतंय कागदातलं? पन म्हनलं, पोरगी शिकून आलीय, उगा सांगायची न्हाई. मग म्या बसलो की. सगळा उन्हाळा. कारखान्यातनं आलो की मागं कोळशाच्या खोलीत. हात तर ऐकंनात, सारखे तिथंच जाऊन थांबायचे. तुझी आई म्हनायची, याड लागलंय तुम्हास्नी. पन बसलं शेवटी. पार सरळ बसलं."

"मला कधी ऐकवलं नाहीत."

"तुला काय ऐकवायचं? तुझ्याम्होरं वाजवायचं म्हंजी..." ते हसले, दात नसलेलं हसू. "मास्तरीनबाईम्होरं वाजवल्यावानी. कारखान्यात ऐकवलं पन. नाताळाला. तो फोरमन व्हता बघ, तांबड्या मानेचा, आमास्नी कायम डुकरं म्हनायचा. तो म्हनला, स्लोन, हे रेडिओवरचं तुला कसं येतं? म्या म्हनलं, आमचंच हाय ते. पोरांनी टोप्या काढल्या. माझ्याच्यानं खोटं सांगवत न्हाई आर्डी, त्या दिसापास्नं मला कुनी तसलं बोललं न्हाई."

आर्डिथने व्हायोला मांडीवर घेतली. स्वयंपाकघरात नळ चालू होता. जे तिने मोडलं म्हणून ती इतकी वर्षं अपराधी होती, ते या माणसाने आनंदाने स्वतःच सरळ करून टाकलं होतं, आणि वर त्याबद्दल तिचे उपकार मानत होता. माफी मागायला जागाच नव्हती. ती वाकडी धून आता जगात फक्त तिच्यापाशी होती, आणि तिच्या वडिलांच्या मते ती चूक होती. तिला हसू येतंय की काय असं वाटलं, पण ते हसू नव्हतं. सत्तावीस वर्षांचा थकवा एकदम खांद्यावरून खाली सरकला आणि कुठे ठेवावा ते कळेना.

"मग आधी का थांबायचात?" तिने तरीही विचारलं.

बाबांनी पायावरची शाल सारखी केली. "असंल काई तरी. माझा गज तुटका व्हता त्या टायमाला. आखूड पडायचा. परत वर आनायला येळ लागत असंल." मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "नेटी! दोन वाजले. लाव की."

नेटी हात पुसत आली आणि तिने रेडिओ लावला. "दर रविवारी असंच," ती आर्डिथला म्हणाली. "तुमचा कार्यक्रम असला की आम्हाला बोलायचीसुद्धा चोरी."

"पण मला कधी कुणी..." आर्डिथ म्हणू लागली.

"शूऽ," बाबा म्हणाले.

कालचाच कार्यक्रम होता. शिंगांचा संथ सूर आला, लहानशा खोक्यातून थोडा कुबट वाटणारा. बासरी आली. आर्डिथने या रचनेच्या समोर कधी बसून पाहिलं नव्हतं. ती कायम आतच असायची. आता ती बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होती. ते रडत वगैरे नव्हते. ते मान थोडी पुढे काढून बसले होते, रस्त्यावर कुणी येतंय का बघणाऱ्या माणसासारखे. एकटी व्हायोला सुरू झाली. तिलाच तो आवाज ओळखता आला नाही. कुणी दमलेली बाई आपल्याशीच बोलत असावी, तसा होता तो. ती दमली आहे हे लपवण्याचा तिने किती वर्षं प्रयत्न केला होता, आणि ते तर पहिल्याच ओळीत उघडं होतं; तरी शनिवारी त्या माणसाने तोंड हातात धरलं होतं. कदाचित म्हणूनच धरलं असेल. लोकांना वाटतं ही धून आपल्याला घरी नेते. ज्यांचं असं घर कधी नव्हतं त्यांनाही नेते, जॉर्जियाच्या माणसालाही, शिकागोच्या मुलीलाही. पुस्तकातली, इस्त्री केलेली, कुणाचीच नसलेली धून. आणि तिच्यात जो तो आपला दम, आपलं ओझं, आपला तुटका गज घालून ती आपली करून घेतो. एवढंच असेल. एवढं साधं असेल आणि तिला ते कळायला अठ्ठावन्न वर्षं लागली असतील. या विचाराने तिला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. खिडकीतून ऊन बाबांच्या पायावरच्या शालीवर आलं होतं, तिकडे ती बघत राहिली.

टाळ्या झाल्या. निवेदकाने नावं सांगितली. तिचं नाव आलं तेव्हा बाबांनी मान हलवली, जसं काही बरोबर सांगतोय ना हे तपासत होते. मग त्यांनी नेटीला आवाज कमी करायला सांगितला.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "पन तिसरी ओळ लागताना घाई करतीस."

"घाई?"

"कुनी मागं लागल्यावानी. मागच्या साली बी केलीस. त्याच्या आदल्या सालीबी."

ते खरं होतं. ती तिथून पळत होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, एकाही संचालकाच्या नाही.

"बाबा, मी जूनमध्ये सोडतेय. बोट चालत नाही." तिने करंगळी पुढे केली. त्यांनी ती आपल्या वाकड्या बोटांत धरली, उलटीपालटी करून पाहिली, बिजागरी तपासावी तशी, आणि सोडली.

"मग फुडल्या एप्रिलात कोन वाजवनार?"

"पॉला म्हणून आहे एक."

"डोंगरातली?"

"शिकागोची. तिची माणसं पोलंडची."

व्हर्लिनची शिडी बाहेर छपराला लागल्याचा आवाज आला. "असू दे," बाबा म्हणाले. "तिला सांग, तिथं घाई करू नको म्हनावं. सूर काय पळून जात न्हाई."

त्यानंतर त्यांना झोप लागली. मग आर्डिथ उठून नेटीला भांडी पुसायला मदत करू लागली. नेटी म्हणाली, राहू द्या, पण तिने ऐकलं नाही. व्हर्लिन शिडीवरून हाका मारत होता, त्याला खालून खिळे द्यायला ती बाहेर गेली. संध्याकाळी ती परत निघाली तेव्हा बाबा जागे झाले होते आणि 'पुन्हा कवा येनार' विचारत होते. ती म्हणाली, बुधवारी. एरवी ती महिन्यातून एकदा यायची.

मंगळवारी तिने लिंडमनना सांगितलं. ते बिचारे उठून उभे राहिले. 'रेडबड' तुमच्याशिवाय, असं काहीतरी म्हणू लागले. तिने त्यांना ते वाक्य पुरं करू दिलं नाही. मग ती तळघरात गेली. तिथे ग्रेडी नावाचा माणूस सगळ्या स्वरलिपी सांभाळायचा. कार्यक्रम पार पडला की प्रत्येक पानावरच्या पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या, पानं कोरी करायची आणि पुढच्या वेळेसाठी कपाटात लावायची, हे त्याचं काम. 'रेडबड'ची पानं टेबलावर पडलेली होती. पहिल्या व्हायोलाच्या पानावर, धुनीच्या वर, बारीक तिरप्या अक्षरांत छापलं होतं: लोकधून, कर्ता अज्ञात.

"हे आज खोडायला घेणार आहेस?" तिने विचारलं.

"आत्ताच घेणार होतो. का?"

तिने त्याच्या डब्यातली पेन्सिल घेतली. तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला, वरच्या कोऱ्या जागेत लिहिलं: घाई नको. अक्षर थोडं वाकडं आलं. उजवा हात चांगला होता, तरी. मग त्याखाली लिहिलं: हॉबर्ट स्लोन.

ग्रेडीने चष्मा कपाळावर चढवून पान जवळ धरलं. "हे राहू द्यायचं?"

"हो."

"लिंडमननी सांगितलंय?"

"नाही. वाजवणाऱ्याने."

"स्लोन," ग्रेडीने पुन्हा वाचलं. "तुझे कोण?"

"वडील."

"असं होय! कुठल्या वाद्यवृंदात होते?"

"तिजोऱ्यांच्या कारखान्यात," आर्डिथ म्हणाली, आणि बसायला खुर्ची शोधू लागली.